डीकेआयएम ‘ऑन’ आहे, पण सही कुणाच्या नावाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिस मशीद बंदरला, पॅकेजिंगचा छोटा कारखाना भांडुपला. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं, वेबसाइट आणि मेल दुसऱ्या कंपनीच्या शेअर्ड होस्टिंगवर. जीमेल वापरणाऱ्या ग्राहकांना पाठवलेली इनव्हॉइस स्पॅममध्ये पडतात. होस्टिंगवाला म्हणतो, ‘डीकेआयएम ऑन आहे, आमच्याकडून सगळं ओके.’ (डीकेआयएम म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलवर सर्व्हरने करायची डिजिटल सही.) त्यातच एका जुन्या ग्राहकाला तुमच्याच पत्त्यावरून ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल गेला. त्यांनी फोन करून विचारलं म्हणून पैसे वाचले. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की कंपनीच्या फायलिंगसाठी घेतलेलं डिजिटल सिग्नेचरचं टोकन आहेच, तेच मेलला लावता येईल का?

आधी टोकनचं सांगतो, कारण ते पटकन संपतं. ते टोकन माणसाच्या नावाचं असतं. परवानाधारक सर्टिफाइंग ऑथॉरिटी तुमची ओळख तपासून ते देते, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे त्या सहीला कायदेशीर वजन असतं. शेअर ब्रोकरकडून येणाऱ्या काँट्रॅक्ट नोटच्या पीडीएफवर दिसते ती त्याच जातीची सही. डीकेआयएमची सही डोमेनच्या नावाची असते. ती सर्व्हर करतो, प्रत्येक मेलवर आपोआप करतो, आणि ‘हा मेल या डोमेनच्या जबाबदारीवर निघाला आणि वाटेत बदलला नाही’ एवढंच सांगते. मेल कुठल्या कर्मचाऱ्याने लिहिला हे ती सांगत नाही. त्यामुळे टोकन ड्रॉवरमध्येच ठेवा, इथे त्याचं काम नाही.

आता सगळ्यात तातडीचं, म्हणजे तो बँक खात्याचा मेल. स्पॅमचा प्रश्न दोन दिवस थांबला तरी चालेल, हा थांबणार नाही. त्या ग्राहकाकडून तो मेल मागवा, पण नुसता फॉरवर्ड नको; फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे मेल कुणाकडून, कुठून आला याच्या सोबतच्या नोंदी, जातात. ते जीमेल वापरत असतील तर कॉम्प्युटरवर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांमधून ‘शो ओरिजिनल’ काढायला सांगा आणि तिथून फाइल डाउनलोड करून पाठवायला सांगा. त्यात तीन गोष्टी बघा. ‘फ्रॉम’मधला पत्ता अक्षर न् अक्षर तुमचाच आहे का? ‘रिप्लाय टू’ भलताच आहे का? आणि ‘रिसीव्ह्ड’च्या ओळींमध्ये मेल पहिल्यांदा कुठल्या सर्व्हरवरून बाहेर पडला?

बाहेरच्या कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवरून निघाला असेल तर कुणीतरी फक्त तुमचं नाव वापरलंय. हे करायला हॅकिंग लागत नाही. १९८२ साली एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचं, मानक आलं तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे तपासायची सोयच त्यात नव्हती, आणि तो पाया आजही तोच आहे. पण मेल तुमच्याच होस्टिंगच्या सर्व्हरवरून, तुमच्याच लॉगिनने निघाला असेल तर मामला वेगळा. कुणीतरी मेलबॉक्समध्ये बसलंय, तुमचे इनव्हॉइसचे व्यवहार वाचतंय आणि योग्य वेळ बघून खात्याचा नंबर बदलतंय. अशा वेळी सहीचा काही उपयोग नाही. चोराच्या मेलवरही तुमचा सर्व्हर इमानेइतबारे सही करून देईल. पासवर्ड लगेच बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा, आणि वेबमेलमधले फिल्टर आणि फॉरवर्डर एकेक करून तपासा. ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा आणि इनबॉक्समधून हलवणारा नियम तिथे गुपचूप लावलेला सापडतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो, म्हणून तो हाताने काढावा लागतो. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. नंबर अकाउंट्सच्या टेबलावर लिहून ठेवा.

आता सहीकडे येऊ. २००४ च्या सुमारास याहूमध्ये डोमेनकीज आणि सिस्कोमध्ये आयडेंटिफाइड इंटरनेट मेल अशा दोन योजना आल्या. त्या एकत्र करून डीकेआयएम झालं, त्याचं मानक २००७ साली प्रसिद्ध झालं आणि सध्या वापरात असलेलं सुधारित रूप २०११ चं आहे. कल्पना साधी आहे. चावीची जोडी करायची. त्यातली खासगी चावी मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते, कुणाला दाखवायची नाही. दुसरी, म्हणजे पब्लिक की, तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) म्हणून जाहीर करायची. बँकेत नमुना सही ठेवलेली असते आणि चेक आला की तिच्याशी ताडून बघतात, तसं हे. फरक एवढाच, की इथला नमुना सगळ्या जगाला दिसतो आणि तरीही त्यावरून कुणाला सही गिरवता येत नाही.

मेल निघताना सर्व्हर आधी मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा) काढतो आणि तो सहीच्या हेडरमध्ये ‘बीएच’ या टॅगखाली लिहितो. मग फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट अशी ठरवून दिलेली हेडर आणि खुद्द सहीचं हेडर यांचा मिळून हॅश काढून त्यावर खासगी चावीने सही करतो. ती ‘बी’ टॅगमध्ये जाते. याच हेडरमध्ये तुमच्या कामाचे दोन टॅग असतात. ‘डी’ म्हणजे सही कुठल्या डोमेनच्या नावाने केली, आणि ‘एस’ म्हणजे सिलेक्टर, त्या डोमेनची कुठली चावी वापरली. जीमेलचा सर्व्हर हे दोन वाचतो, आधी सिलेक्टर, मग अंडरस्कोर लावलेलं डोमेनकी, मग तुमचं डोमेन असं नाव जोडून डीएनएसला विचारतो, पब्लिक की मिळवतो आणि ताडून बघतो.

तुमच्या दुखण्याचं मूळ ‘डी’ टॅगमध्ये असणार, असं मला वाटतं. स्वतःच्या ऑफिसमधून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ बघा. वर छोटा तक्ता येतो: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी; डीमार्क म्हणजे या दोन तपासण्या फ्रॉमशी जुळल्या नाहीत तर मेलचं काय करायचं, याचं धोरण. बरेच जण तिथे ‘पास’ हा शब्द बघून खूश होतात. ‘पास’च्या पुढे कुणाचं डोमेन लिहिलंय ते वाचा. तिथे होस्टिंग कंपनीचं किंवा तिच्या बाहेर जाणाऱ्या मेलच्या फिल्टरचं डोमेन असेल तर सही झालीय, बरोबरही आहे, पण ती त्यांच्या नावाची आहे. तुमच्या नावाची पत त्याने वाढत नाही, आणि डीमार्कच्या हिशेबात ती धरली जात नाही, कारण डीमार्क फ्रॉममधलं डोमेन आणि सहीतलं डोमेन जुळतंय का हेच बघतं.

दुसरी शक्यता अशी, की तक्त्यात डीकेआयएमची ओळ नाहीच किंवा खाली ऑथेंटिकेशन रिझल्ट्समध्ये ‘नो की फॉर सिग्नेचर’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे सर्व्हर तुमच्या नावाने सही करतोय, पण जाहीर केलेली चावी जगाला सापडत नाही. तुमचं डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे आहे ना, तिथे हे हमखास होतं. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, डीकेआयएम सुरू केलं की चावी होस्टिंगच्या मशीनवर तयार होते आणि रेकॉर्ड त्याच मशीनवरच्या डीएनएस झोनमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) पडतो. पण तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे तुमचं डीएनएस जगाला सांगणारे सर्व्हर, डोमेनवाल्या कंपनीकडे असतील तर तो झोन कुणी वाचतच नाही. होस्टिंगवाला खोटं बोलत नाही, त्याच्या स्क्रीनवर ‘ऑन’च दिसतं. म्हणून पहिलं काम हे, की डोमेनचे नेमसर्व्हर कुठले आहेत ते बघणं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप चालवून टाइप एनएस दिलं की लगेच कळतं. मग सीपॅनेलच्या ईमेल डिलिव्हरेबिलिटी पानावरून डीकेआयएमचं नाव आणि किंमत कॉपी करायची आणि जिथे खरोखर डीएनएस आहे तिथे टाकायची.

टाकताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कुरिअरवाल्यांच्या ऑफिसात मी हे दोन्ही एकाच रेकॉर्डमध्ये बघितलेत. सीपॅनेल पूर्ण नाव दाखवतं, म्हणजे डिफॉल्ट, टिंब, अंडरस्कोर डोमेनकी, टिंब आणि पुढे अख्खं डोमेन. डोमेनवाल्यांच्या बऱ्याच पॅनेलमध्ये डोमेन आपोआप जोडलं जातं, त्यामुळे ते नाव जसंच्या तसं चिकटवलं की शेवटी डोमेन दोनदा येतं. रेकॉर्ड सेव्ह होतो, पॅनेल काही तक्रार करत नाही, आणि जगात त्या नावाला कुणी कधी विचारत नाही. अशा पॅनेलमध्ये डोमेनकीपर्यंतचाच भाग टाकायचा. दुसरा घोटाळा लांबीचा. टीएक्सटी रेकॉर्डमधल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात आणि २०४८ बिटची पब्लिक की साधारण ३९२ अक्षरांची असते. चांगलं पॅनेल तिचे दोन तुकडे स्वतःच करतं. काही पॅनेल शेपूट कापून टाकतात, काहींमध्ये हाताने अवतरणचिन्हांत दोन तुकडे करावे लागतात. आणि ती अवतरणं साधी, सरळ हवीत. वर्डमधून किंवा मोबाइलवरून आलेली वळणदार चालत नाहीत. चावीतलं एक अक्षर गळलं तरी सगळी सही फुकट. टाकून झाल्यावर बाहेरून एनएसलुकअपने टीएक्सटी मागवून शेवटची दहा अक्षरं मूळ चावीशी जुळवा. शेवटचीच, कारण कापलं जातं ते तिथूनच.

उद्या मेल गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेलात तरी ‘सही कुणाच्या नावाची’ हा प्रश्न तिथेही विचारावा लागतो. दोघंही सुरुवातीला सही करतात, पण स्वतःच्या दिलेल्या डोमेनने. गुगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये चावी तयार करायची, डीएनएसमध्ये टाकायची आणि मग परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं; हे शेवटचं बटण विसरणारे खूप. मायक्रोसॉफ्टकडे चावीऐवजी दोन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे त्यांच्याकडच्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, टाकायचे असतात, त्यामुळे चाव्या बदलायचं काम पुढे तेच बघतात. मला ही पद्धत जास्त आवडते.

एसपीएफ लावलंय ना, मग सहीची गरज काय, असं तुमच्या होस्टिंगवाल्याने विचारलं तर दोन कारणं सांगा. एसपीएफ फक्त एवढं बघतं, की मेल परवानगी असलेल्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावरून) आला का, आणि तेही लिफाफ्यावरच्या रिटर्न पाथसाठी, म्हणजे न पोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्यासाठी. वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉमसाठी नाही. शेअर्ड होस्टिंगवर त्याच आयपीवरून इतर कितीतरी डोमेनचे मेल निघतात, म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांनाही परवानगी दिल्यासारखं होतं. दुसरं असं, की तुमचा ग्राहक ऑफिसचा मेल स्वतःच्या जीमेलवर आपोआप वळवत असेल तर जीमेलला तो वळवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीवरून येताना दिसतो आणि तुमचं एसपीएफ तिथे लागू होत नाही. सही मात्र मेलच्या सोबत जाते. मजकूर बदलला नाही तर दोन-तीन सर्व्हर ओलांडूनही टिकते. याच संदर्भात होस्टिंगवाल्याला एक नेमका प्रश्न विचारा: तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्या ग्राहकाच्या खात्याने लॉगिन करून फ्रॉममध्ये आमचं डोमेन टाकलं, तर तुमचा सर्व्हर तो मेल अडवतो, की आमच्या चावीने सही करून पाठवतो? उत्तर देताना तो घुटमळला तर मेल तिथून हलवायचा विचार गंभीरपणे करा.

सही टिकत नाही ती मजकुराला कुणी हात लावला तर. ऑथेंटिकेशन रिझल्ट्समध्ये ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ दिसलं तर सही झाल्यानंतर मेलमध्ये काहीतरी घुसलंय. अँटीव्हायरसची ‘हा मेल तपासलेला आहे’ अशी ओळ, कंपनीचा लांबलचक डिस्क्लेमर, ग्रुप मेलची तळटीप हे नेहमीचे संशयित. डिस्क्लेमर हवाच असेल तर तो सहीच्या आधी लागला पाहिजे, म्हणजे शेवटच्या बाहेर पडणाऱ्या सर्व्हरने सही करावी. मजकुराचा काही भागच सहीत धरायची सोय ‘एल’ टॅगमध्ये आहे, पण ती कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. तुमच्या सहीखाली कुणीही स्वतःचा मजकूर जोडू शकतं, आणि सही तरीही बरोबर निघते.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच राहून जातं. तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं, याची यादी करा. आउटलुक झालं. टॅलीमधून इनव्हॉइस थेट मेल होतात का? तिथे कुठला एसएमटीपी सर्व्हर भरलाय? वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म पीएचपीच्या मेल फंक्शनने पाठवतो का? तसं असेल तर त्या मेलवर तुमची सही बहुधा नसते. फॉर्मला मेलबॉक्सचं लॉगिन देऊन एसएमटीपीने पाठवायला लावा. दिवाळीच्या ऑफर कुठल्या न्यूजलेटर सेवेतून जातात? पगाराच्या स्लिपा? भांडुपच्या स्कॅनरवरून येणारी चलनं? प्रत्येकाला एकतर तुमच्या मेल सर्व्हरमधून जायला लावा, नाहीतर त्या सेवेसाठी वेगळा सिलेक्टर द्या. एका डोमेनला कितीही सिलेक्टर चालतात. एकच चावी दोन सेवांना मात्र कधीच देऊ नका.

हे झालं की डीमार्क. तुमच्या नावाने बाहेरून येणाऱ्या खोट्या मेलला अडवतं ते हेच. अंडरस्कोर डीमार्क या नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड, आणि त्यात धोरण: ‘नन’ म्हणजे फक्त कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. एसपीएफ किंवा डीकेआयएम या दोनांपैकी एक तरी पास झालं आणि त्यातलं डोमेन फ्रॉमशी जुळलं, की डीमार्क पास. आधी ‘नन’ ठेवून रिपोर्टसाठी एक वेगळा पत्ता द्या. गुगल, मायक्रोसॉफ्ट वगैरे रोज एक्सएमएल फाइल पाठवतात आणि त्यात तुमच्या नावाने मेल पाठवणारा प्रत्येक आयपी दिसतो. यादीत विसरलेला स्कॅनर नेमका तिथे सापडतो. काही आठवडे रिपोर्ट स्वच्छ दिसले की क्वारंटाइन, मग रिजेक्ट. पहिल्याच दिवशी रिजेक्ट करू नका. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने एकदम तसं केलं तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टवरचे याहू सदस्यांचे मेल परत यायला लागले होते. आणि कायमचं ‘नन’वरही राहू नका. तेवढ्याने तुमच्या नावाचा खोटा मेल अडत नाही.

स्पॅमच्या तक्रारीचं कारणही इथेच आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक मागतात. जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी असाच नियम मे २०२५ पासून लावला. तुम्ही ५००० च्या आसपासही नसाल, पण तिन्ही नीट ठेवा. सगळं पास झालं म्हणून मेल इनबॉक्समध्ये जाईलच असं मी म्हणणार नाही. मजकूर, जुनी पत, लोकांनी किती वेळा ‘स्पॅम’ दाबलं, हेही बघितलं जातं. पण पत जमा व्हायला आधी स्वतःचं नाव लागतं, आणि ते सहीतून मिळतं.

डीमार्क काय अडवू शकत नाही हेही ग्राहकांना सांगा. तुमच्या नावात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवून कुणी दुसरं डोमेन घेतलं, तर त्या डोमेनची सही त्याची स्वतःची आणि बरोबर असेल. त्यामुळे ‘खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करा’ ही ओळ प्रत्येक इनव्हॉइसवर छापा. तुमच्या ग्राहकाने नेमकं तेच केलं होतं.

चावीच्या लांबीबद्दल. १०२४ बिटच्या खालची चावी वापरू नका, नवी करताय तर २०४८ घ्या. २०१२ साली उघड झालेली ही गोष्ट. झॅकरी हॅरिस नावाच्या अमेरिकन गणितज्ञाला गुगलकडून नोकरीबद्दलचा मेल आला. त्यावरची सही फक्त ५१२ बिटच्या चावीची आहे, हे त्याच्या लक्षात आलं. ही आपलीच परीक्षा असावी, असं समजून त्याने भाड्याच्या क्लाउडवर सुमारे ७५ डॉलर खर्चून तीनेक दिवसांत ती चावी फोडली आणि गुगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवला. उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांत गुगलची चावी २०४८ बिटची झाली होती. जुन्या होस्टिंगवर वर्षानुवर्षं पडून असलेल्या चाव्या एकदा मोजून बघा.

चावी बदलायची पद्धत अशी. नव्या सिलेक्टरने नवी चावी डीएनएसमध्ये टाका, ती बाहेरून दिसतेय याची खात्री करा, मग सर्व्हरला नव्या चावीने सही करायला सांगा. जुना रेकॉर्ड आठवडाभर राहू द्या, कारण रांगेत अडकलेले मेल सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा पाठवत असतो आणि त्यांच्यावर जुनी सही असते. त्यानंतर जुना रेकॉर्ड काढा, किंवा ‘पी’ टॅग रिकामा ठेवा. तो चावी रद्द केल्याचा जाहीर इशारा असतो. होस्टिंग किंवा न्यूजलेटर सेवा बदलताना हे कुणी करत नाही. पैसे देणं बंद होतं, लॉगिन बंद होतं, पण जुन्या सेवेकडे खासगी चावी तशीच असते आणि तुमच्या डीएनएसमध्ये तिची पब्लिक की तशीच जाहीर असते. म्हणजे तिथल्या कुणालाही, किंवा तिथे घुसलेल्या कुणालाही, आज तुमच्या नावाने खरी सही करता येते आणि तुमचं ‘रिजेक्ट’ धोरणही तो मेल हसत आत सोडेल. तुमच्या डीएनएसमध्ये डोमेनकी असलेली किती नावं आहेत ते आज बघा, आणि ज्याचा मालक कोण हे सांगता येत नाही तो रेकॉर्ड आठवडाभर रिपोर्टमध्ये शोधून, दिसला नाही तर काढून टाका.